बाल्कनीतल्या मिरच्या

भाजलेल्या मिरचीचा ठसका लागला की मला माझा एक गाढवपणा आठवतो: चार मिरच्यांसाठी मी स्वतःला बाल्कनीत कोंडून घेतलं होतं. नेदरलँड्समधल्या आल्मेरेला मुलाकडे गेले होते. वय साठ, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. मिरची भाजली की घरातला धुराचा अलार्म कोकलायचा, म्हणून सुनेने बजावलं होतं, “आई, मिरच्या अजिबात नाहीत हं!” पण चीज-पावाने जीभ मेली होती. सगळे कामावर गेल्यावर मी सहलीची छोटी शेगडी घेऊन बाल्कनीत गेले आणि वास आत जायला नको म्हणून दार ओढून घेतलं. त्याला बाहेरून मूठच नव्हती! फोन आत, अंगावर सुती साडी, बोचरा वारा, आणि सून येणार संध्याकाळच्या ट्रेनने. मिरच्यांच्या वासाने शेजारची मेक्सिकन बाई बाहेर आली. तिने काचेच्या आडभिंतीवरून आधी शाल दिली, मग मक्याच्या गरम, पातळ भाकऱ्या. मिरच्या मिठात चुरडून मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. ती बघतच राहिली. तोडक्या इंग्रजीत म्हणाली, तिची मुलं हल्ली पावावर चॉकलेटचे दाणे पसरून खातात, भाकऱ्यांना हात लावत नाहीत. संध्याकाळी सुनेने दार उघडलं आणि मला यथेच्छ झापलं. त्यातलं एकही बोलणं आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शाल परत द्यायला गेले तेव्हा शेजारीण हळूच म्हणाली, “उद्याही अडकाल का?”