तिच्या नावाचं पत्रक
कॉफी भाजल्याचा वास आला की टोकियोतल्या फुनाबोरीतली आमची इथिओपियन शेजारीण आठवते. जपानने तिला आश्रय द्यावा म्हणून मी तिच्या नाव-फोटोसह पत्रक लिहिलं होतं. कॉफीचे दाणे भाजता भाजता तिने ते वाचलं आणि सरळ गॅसवर धरलं. "माझा भाऊ अशीच पत्रकं वाटायचा. लष्करी राजवटीने त्याला घरातून उचललं." मी उसळले, "अहो, ती राजवट गेली की कधीच! आणि हे टोकियो आहे!" "नवं सरकारही निवडणुकीनंतर पोरांवर गोळ्या झाडतंय. माझी आई तिकडेच आहे, पोरी," म्हणत तिने माझा कप भरला. पुढे या सभ्य देशाने तिचा अर्ज एका ओळीत फेटाळला, तिला परत धाडलं. आजवर ढीगभर पत्रकं वाटली मी. जे वाटायलाच हवं होतं, ते तिचं एक पत्रक तेवढं वाटता आलं नाही.