मामांनी भिजवलेलं कोर्ट

मामांना टेनिसमधलं काही कळत नाही, हे क्लबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. फक्त मामांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांचं बाथरूम फिटिंग्जचं शोरूम आहे आणि क्लबचं सेक्रेटरीपद आहे. पहिलं वडिलांकडून आलं, दुसरं इतर कुणाला नको होतं म्हणून. सख्खा भाचा एकच, पण क्लबमधले वेटरसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. पांढरा स्वेटर खांद्यावर टाकून ते कोर्टाच्या कडेने फिरतात, दोन गेम बघतात आणि तिसऱ्याला चहाकडे वळतात.

यंदा पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा क्लबच्या तांबड्या मातीच्या कोर्टांवर भरली आणि मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. यजमान क्लबला एक वाइल्ड कार्ड देता येतं, म्हणजे पात्रता फेरी न खेळता एका खेळाडूला थेट मुख्य स्पर्धेत जागा. ती मामांनी भाच्याला दिली. समितीने हरकत घेतली नाही. समितीतल्या प्रत्येकाच्या घरी मामांच्या शोरूमचा सवलतीतला शॉवर होता.

भाच्याचं प्रकरण मात्र गंभीर होतं. पंचविशी उलटलेली, वडील नाहीत, आई एकटीने छापखाना चालवते. मुख्य स्पर्धेतली एकही मॅच त्याने आजवर जिंकली नव्हती. त्याची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, मोजकं बोलते. इथे एक तरी मॅच जिंक, नाहीतर रॅकेट ठेव आणि छापखान्यात ये, असं तिने सांगून टाकलं होतं. पोरानेही ते मान्य केलं होतं.

पहिल्याच फेरीत त्याच्या वाट्याला एक ताडमाड पाहुणा खेळाडू आला. त्याची सर्व्हिस दिसायच्या आत निघून जाते, असं चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं. ओल्या मातीत चेंडू जड होतो, वेग मरतो, असं दुसरं कुणीतरी म्हणालं. मामांनी दोन्ही वाक्यं जोडली. उभ्या आयुष्यात त्यांनी टेनिसबद्दल केलेला हा पहिलाच विचार होता.

सकाळी कोर्ट सांभाळणाऱ्या माळ्याने रोजचं पाणी मारलं होतंच. मामांनी त्याला पुन्हा मारायला लावलं, मग आणखी एकदा. नक्की ना, असं त्याने विचारून पाहिलं, पण नोकरी त्यालाही हवी होती. रेफरी नाश्ता करून आला तेव्हा माती नुसती गडद दिसत होती.

भाचा बुटांची नाडी बांधत होता, तेव्हा मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारून ही बातमी दिली. त्या पाहुण्याच्या सर्व्हिसची हवा काढून टाकलीय, तू आपला चेंडू परतवत राहा, म्हणाले. भाच्याचा हात नाडीवरच थांबला. मामांना वाटलं, पोराला गहिवरून आलं.

पोराकडे एकच हत्यार होतं, तेही सर्व्हिसच. बाकी खेळ बेताचा, आणि बॅकहँड म्हणजे पाहुण्याला उघडं दार. पोराची सर्व्हिस ओल्या मातीत पडायची आणि ताटात वाढल्यासारखी पाहुण्यासमोर यायची. पाहुणा असल्या ओलसर कोर्टांवरच लहानाचा मोठा झालेला. बेसलाइनच्या मागे सरकून तो शांतपणे चेंडू परतवत राहिला आणि चुका करायचं काम त्याने भाच्यावर सोपवलं. सरळ दोन सेटमध्ये निकाल लागला. पोराचा दम कमी पडतो, असं मामा शेजारच्याला सांगत होते.

संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. पराभवाचं कारण त्यांनी तयारच ठेवलं होतं: कोर्ट नको तितकं ओलं होतं, माळ्याचा निष्काळजीपणा, त्याला नोटीस काढतोय. छापखान्यातून नुकतीच आलेली बहीण हाताची शाई धूत होती. तिने नळ बंद केला.

"इतकं पाणी मारायला सांगितलं कुणी?"

मामा चहात चमचा फिरवत राहिले. "अगं ताई, त्याच्या भल्यासाठीच..."

"मामा, माझ्याकडेही सर्व्हिसच आहे रे," भाचा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दुसरं काही नाही. एकदा तरी माझी अख्खी मॅच बघितली असतीस, तर कळलं असतं."

बहिणीने टॉवेलला हात पुसले. भावाकडे बघितलंही नाही.

"ही मॅच मी धरत नाही. आणखी एक वर्ष खेळ," ती मुलाला म्हणाली. "फक्त हा ज्या क्लबात असेल तिथे पाऊल टाकायचं नाही." मग भावाला म्हणाली, "आणि त्या माळ्याला नोटीस काढलीस, तर मी क्लबात येऊन बोलेन. माझा आवाज तुला माहीत आहे."

मामा चहा संपवून उठले.

दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये त्यांची कॉलर ताठ होती. ताई काही केल्या ऐकत नव्हती, मीच मध्ये पडून पोराला आणखी एक वर्ष मिळवून दिलं, असं ते टेबलाटेबलावर सांगत होते. आणि माळ्याचं म्हणाल, तर चूक कोणाच्या हातून होत नाही? मोठ्या मनाने माफ केलं त्याला.