बगळे आणि पाच काड्या

मी नागपूरच्या एका कॉलेजात बिनतारी सेन्सर शिकवतो आणि शिकवणाऱ्याला असते तेवढी घमेंड मलाही आहे. अड्याळजवळ राहणाऱ्या मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मामींनी त्यांना धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय ठेवायची सक्त मनाई केली आणि काठीही लपवून ठेवली. माझ्या घमेंडीला आयतीच संधी मिळाली.

मामांच्या पाच बांध्या आहेत, म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेले धानाचे पाच तुकडे. प्रत्येक बांधीत मी पाणी मोजणारी एकेक काडी रोवली. बॅटरी पुरावी म्हणून काड्या झोपून राहायच्या, पाणी कमीजास्त झालं तरच जाग्या होऊन माझ्या फोनला कळवायच्या. कमीत कमी किती काड्यांत भागेल, हे गणित मात्र वर्षभर डोकं खाजवूनही सुटलं नव्हतं.

"आता तुम्ही सपरीत आराम करा," शेतासमोरच्या त्या पडवीत बाज टाकून देत मी मामांना म्हटलं.

"मंग मी जगू कायले?" मामा चिडले.

धानाची रोपं लावायचा रोवणा आटोपला. फोनवर पाचही बांध्यांत पाणी अगदी सारखं दिसायला लागलं. मी ते कॉलेजात कौतुकाने दाखवत फिरलो.

चौथ्या दिवशी सकाळीच मामांचा फोन आला. "बाबू, खालच्या बांधीतलं पाणी जाऊन राहिलं."

"नाही मामा, माह्या फोनवर बरोबर हाय."

"फोनवर असन. इथं बगळे उतरून राहिले. पाणी आटलं का मासोळ्या उघड्या पडतेत. तू येतं, का मी उतरू धुऱ्यावर?"

नुकता रोवलेला धान सुकला असता, नाहीतर मामांचा गुडघा गेला असता. मी मोटरसायकल काढली.

पाहतो तर पाचही काड्या वरच्या एकाच बांधीत, हातहातभर अंतरावर, सरळ ओळीत! रोवणा करणाऱ्या बायका शेजारच्या शेतात होत्या.

"पायात येत होत्या," त्यातली एक म्हणाली. "फेकाव कशा? मंग आम्ही उपटून एका जागी रोवून देल्या. ओळ मात्र मोडली नाही, हो!"

म्हणजे माझ्या काड्या तीन दिवस एकाच बांधीचं पाणी पाच वेळा सांगत होत्या. मला भयंकर लाज वाटली. खाली खेकड्याने धुरा पोखरला होता. मामा सपरीतून ओरडत राहिले आणि मी चिखल-गवताने भोक बुजवून वरच्या बांधीतलं पाणी खाली सोडलं. धान वाचला.

चिखलाने माखलेल्या पाच काड्या घेऊन मी मामांपुढे उभा राहिलो. ते जराही हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"आता कुठं लावू?"

मामांनी बाजेवरूनच शेतावर नजर फिरवली. "त्या मोहाच्या झाडाआड दोन बांध्या हायेत ना, त्या मले इथून दिसत नाही. तिथं दोन लाव. बाकीच्या तीनवर माहे बगळे हायेत."

मी दोनच लावल्या.