भंडारा रोड म्हणजे वरठी

वरठीतल्या माझ्या बियाण्यांच्या दुकानाची वेबसाइट ऐन धानाच्या हंगामात नव्या सर्व्हरवर गेली, पण नाव टाकलं की जुन्याच पत्त्यावरचं कोरं पान उघडायचं. गिऱ्हाइकांना वाटलं, दुकान बुडालं. नावाला जोडलेला जुना पत्ता बदला, म्हणून मी वेबसाइटवाल्यांवर रोज ओरडत होतो. "होईल आपोआप," त्यांचा साहेब म्हणायचा.

शेवटी तो पुण्याहून स्वतः आला. भंडारा रोड स्टेशनावर, माझ्या दुकानासमोरच उतरला आणि कुणाला न विचारता ऑटोनं दहा-बारा किलोमीटरवरच्या भंडारा शहरात गेला. तिथून फोनवर माझ्यावरच तापला, "दुकान कुठंय? तिकिटावर तर भंडाराच होतं!"

मी म्हणालो, "स्टेशनाचं नाव भंडारा, गाव वरठी! माझे गिऱ्हाईक बी असेच भटकून राहिले, साहेब. आता तुमी बी भटका."