चादरमामांची म्हैस

चादरमामांच्या खिशात चष्मा नसायचा, पेचकस मात्र कायम. वाचनालयातला कुरकुरणारा पंखा, करकरणारी खुर्ची, टोले देणारं घड्याळ, सगळ्यांशी त्यांचं उघड वैर. घड्याळाचे टोले तर त्यांनी कायमचे बंद केले आणि कार्यवाहांना साळसूदपणे सांगितलं, "वय झालं की त्याचं. दमलंय."

तीस वर्षं यंत्रमागावर काढून ते आमच्या सोलापुरातल्या या वाचनालयात शिपाई म्हणून लागले होते. मागाच्या खडखडाटात एक कान गेलेला. "आवाज दुखतो म्हंजे काय, ते मला इचारा," म्हणायचे. म्हणूनच, गोंगाट आणि झगझगीत उजेड न सोसणाऱ्या मुलांसाठी शनिवारी गोष्टीचा तास ठरला, तेव्हा ट्यूबलाइट बंद करून भिंतींवर, खिडक्यांवर, टेबलावर त्यांनी घरच्या जुन्या चादरी सोडल्या. कुणी बसावं, कुणी गिरक्या घ्याव्यात, मामांची हरकत नसे.

माझ्या अन्वीला ऑटिझम आहे. तेव्हा ती पाच वर्षांची होती, घराबाहेर चकार शब्द बोलत नसे. दोन बालवाड्यांनी गोड बोलून आम्हाला वाटेला लावलं होतं. इथूनही काढलं तर जायचं कुठं, या धास्तीनं पहिल्या दिवशी मी चपला हातात घेऊनच दाराशी बसले. अन्वी थेट टेबलाखाली शिरली. मामांनी वाकून बघितलंसुद्धा नाही. टेबलावरची चादर तेवढी आणखी खाली ओढली आणि मला म्हणाले, "ताई, चपला ठिवा की खाली. कोण हाकलतंय?"

मामांची गोष्ट एकच. दर शनिवारी तीच, कारण एक शब्द बदललेला मुलांना खपत नसे. म्हैस रस्त्यात बसते. पोलीस येतो, सरपंच येतो, एसटी येते. म्हैस उठत नाही. शेवटी मामा हळूच म्हणत, "बसली तर बसली!"

मग वाचनालयाच्या अध्यक्षांना उद्घाटनाची हुक्की आली. शांततेच्या तासाला माईक, हारतुरे आणि टाळ्यांसाठी चाळीस निमंत्रित! अध्यक्षांनी "बालमित्रांनो" म्हणायला तोंड उघडलं आणि वीज गेली. "लायटीचं काय खरं न्हाय, साहेब," मामा हळहळले, "आता खाली बसून हळूच बोला." टाळ्यांऐवजी त्यांनी सगळ्यांना हात वर करून हलवायला लावले. चाळीस मान्यवर गुमान हात हलवत होते. म्हशीची गोष्ट ऐकून अध्यक्षांनी कुजबुजत विचारलं, "पण तात्पर्य काय?"

"तात्पर्य न्हाय, साहेब. म्हैस हाय."

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवे लखलखत होते. मी ते कुणाला दाखवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा अकलूजला लेकीकडे कायमचे राहायला गेले. पुढच्या शनिवारी नव्या मॅडमनी गोष्ट सांगितली, छानच सांगितली, आणि शेवटी म्हणाल्या, "मग म्हैस उठली आणि घरी गेली."

टेबलाखालून आवाज आला. "न्हाय. बसली तर बसली!"

माझी अन्वी! मी तिथंच हमसून रडले. बाहेर येऊन मामांना फोन लावला. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी टाळ्या तर वाजिवल्या न्हाईत ना?"

"नाही मामा. सगळ्यांनी हात हलवले."

पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन कट झाला असं वाटलं, तेवढ्यात त्यांच्या लेकीचा आवाज आला, "ताई, थांबा जरा. अप्पा हात हलवायलेत."