धाकट्याचा कोट

माझ्या नवऱ्याचा वैरी मेलेला आहे, म्हणून ह्यांचं त्याच्यापुढे काही चालत नाही. वैरी म्हणजे माझा धाकटा दीर. लढाईत तो बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत मशीनगन धरून बसायचा. विमान समुद्रात पडलं आणि विसाव्या वर्षी तो कायमचा देखणा झाला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं मी म्हणते. अर्थात सासूबाईंसमोर नाही.

भरतीला दोघे भाऊ बरोबरच गेले होते. नजर अधू म्हणून ह्यांना परत पाठवलं. हे वडिलांच्या शिंपीदुकानात बसले, संसार केला, आईला सांभाळलं. पण सासूबाईंचं एकच पालुपद, चांगला होता तो गेला. ते ऐकलं की ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खरं सांगायचं तर माझीही.

दिराचं काहीच परत आलं नाही. घरात राहिला तो त्याचा राखाडी लोकरी कोट, सासऱ्यांनी शिवलेला शेवटचा. ह्यांनीही तसाच मागितला होता, तर सासरे म्हणाले होते, तू शिंपी आहेस, तुझा तू शिव. विमान पडलं त्या तारखेला सासूबाई तो कोट जेवणाच्या टेबलापाशी एका खुर्चीला अडकवायच्या आणि आम्ही मुकाट्याने त्याच्यासमोर जेवायचो. जाऊ असती तर भांडून मोकळी झाले असते. कोटाशी कोण भांडणार?

लोकरीला कसर लागतेच. आधी कॉलर गेली, मग अस्तर, मग बाह्या, पाठ. हे तो कोट दुकानात न्यायचे, तसलंच कापड शोधून एकेक तुकडा बदलायचे आणि आईला सांगायचे, इस्त्री करून आणला. मला वाटायचं, माणूस कितीही जळफळला तरी मनाचा मोठा आहे.

यंदा सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांनी ह्यांना बोलावलं आणि कोट अंगात घालून दाखव म्हणाल्या. रिकामा बघून त्या कंटाळल्या होत्या. हे नको नको म्हणत राहिले. फोटोतला दीर काटकुळा, आणि ह्यांच्याआधी ह्यांचं पोट दारातून बाहेर येतं.

ह्यांनी कोट चढवला. खांद्याला चपखल बसला. पोटावरचं बटण लागलं. बाही बरोबर मनगटाशी थांबली. हे माझी नजर चुकवायला लागले, तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं हे प्रत्येक तुकडा स्वतःच्या मापाने कापत होते. वडिलांनी शिवून न दिलेला कोट ह्यांनी भावाच्या कोटातून काढून घेतला होता.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. हे छाती काढून उभे होते. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्या म्हणतील, तुला शोभतो रे, अशी आशा मलाही वाटली.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "कसा भरदार होता माझा धाकटा."

मग ह्यांच्याकडे वळल्या. "काढ आता. तुझ्या पोटाने उसवेल तो."