मामांचा उजवा पाय

गाडीच्या ब्रेकवर इतका अविश्वास असलेला माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. दिग्रसला त्यांचं गॅरेज होतं, पाने-पकडी ढीगभर होत्या, पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे उजवा पाय. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी त्याच्या गाडीत शिरायचे, चप्पल काढायचे आणि अनवाणी पायानं ब्रेक दाबून बघायचे. दोनचारदा दाबल्यावर पेडल वर येऊन घट्ट झालं, तर आत हवा शिरलीय. दाबून धरलेलं हळूहळू खाली गेलं, तर मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलमागून ऑइल ढकलणारा पंप, गेलं. हे निदान ते डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं, तशा आवाजात सांगायचे.

माझ्या लग्नात तर पाठवणीची गाडी फुलांनी सजून उभी असताना मामा आत जाऊन बसले. बाहेर आले ते तोंड पाडूनच. "जवाईबापू, पेडल नरम लागून राह्यलं. माही भाची ह्या गाडीत नाई जात." बँड थांबला. नव्याकोऱ्या सफारी सूटमधल्या माझ्या भावाला त्यांनी पेडल दाबायला बसवलं आणि स्वतः धोतरासकट मागच्या चाकाशी आडवे झाले. "दाबा! धरून ठेवा! आता सोडा!" चाकाला लावलेल्या पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइलसोबत हवेचे बुडबुडे बाटलीत येऊ लागले, आणि रडायला जमलेल्या बायका रडायचं विसरून ते बघत राहिल्या. शेवटचा बुडबुडा निघाल्यावर मामा उठले, "आता जाय बाई," म्हणाले, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच रडले.

मागच्या हिवाळ्यात त्यांना माझ्या गाडीचं पेडल नरम लागलं. ब्रेकमधली हवा काढली. आठवड्यानं पुन्हा नरम. ऑइल बदललं, तरी नरम. माझ्या पायाला तर पेडल दगडासारखं लागत होतं. पण मामांपुढे माझ्या पायाला कोण विचारतो? तिसऱ्यांदा मी चाकाशी बसलो आणि ते पेडलवर. "नरमच हाय," ते आतून म्हणाले. मी उठून दारातून वाकलो. पेडलचं रबर निघालं होतं, पत्र्याची कड त्यांच्या अंगठ्यात रुतली होती आणि खालची चटई रक्तानं भिजली होती.

"मामा, पाय काढा!"

"काहून? काय झालं पायाले?"

त्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय गाडीत राहून गेलाय, अशा नजरेनं पाहिलं. रक्तातली वीस वर्षांची साखर त्या पायातली जाणीव केव्हाच घेऊन गेली होती.

"मंग पेडल?" त्यांनी विचारलं.

"पेडल चांगलं आहे, मामा."

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या पायानं ते तीन घरी गेले. मी सोबत होतो. प्रत्येक दारात एकच बोलले, "तुह्या गाडीचं मास्टर सिलेंडर मी खराब म्हणून बदलवलं. ते चांगलं होतं, बाबा. माहा पाय खराब होता. आता मले गाडी दाखवत नको जाऊ." लोक म्हणाले, असू द्या. मामांना ते असू देता येत नव्हतं.

यवतमाळला अंगठा काढावा लागला. त्यानंतर ड्रेसिंगसाठी मीच त्यांना न्यायचो. मामा बाजूच्या सीटवर बसायचे. एकदा दारव्ह्याच्या पुढे बकऱ्या आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली.

"कसं लागलं?" मामांनी विचारलं.

"चांगलं लागलं."

"चांगलं म्हंजे कसं? नीट सांगा ना, जवाईबापू."

आयुष्यात मी कधी असा विचार केला नव्हता. "आधी बोटभर मोकळं गेलं," मी म्हणालो. "मग घट्ट झालं. खालून कुणीतरी तळपाय हातात धरावा, तसं."

मामा मान हलवत ऐकत होते. "अजून?"

बकऱ्या केव्हाच पलीकडे गेल्या होत्या. मी पुन्हा ब्रेक दाबला आणि सांगू लागलो.